वनविहार

सुट्टीचे दिवस जवळ येऊं लागले म्हणजे मोठ्या कुटुंबांतून ‘यंदा जावयाचें कोठें?’ हा प्रश्न हटकून निघतो. आजोबांस देवस्थान हवें असतें, मुलांस मोकळें हुंदडावयास हवें असतें, घरांतील स्त्रियांस एक दिवस चूल दिसली नाहीं तरी पुरे असतें, आणि मिळवत्या मंडळींच्या डोळ्यांपुढें खर्चाचा आंकडा उभा असतो. या सर्वांचें समाधान एकाच ठिकाणीं होणें कठीण खरें. तथापि आपल्या राज्यांत अशीं कांहीं स्थळें आहेत कीं जेथें बाराही महिने जातां येतें, खर्च बेताचा येतो, आणि आजोबांपासून नातवापर्यंत प्रत्येकाच्या पदरांत कांहींतरी पडतें. तीं स्थळें म्हणजे सरकारनें राखलेलीं अरण्यें. या महिन्यांत त्यांविषयींच चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

‘रानांत जाऊन पाहावयाचें तरी काय?’ असा आक्षेप वडीलधाऱ्या मंडळींकडून निघण्याचा संभव आहे. वास्तविक अरण्य हें आपल्या संस्कृतीस परकें नाहीं. वेदवाङ्मयाच्या एका भागास आरण्यकें हें नांव अरण्यावरूनच मिळालें, व आयुष्याचा तिसरा आश्रम तर पूर्वजांनीं वनासच वाहिला. परंतु तें वन तपश्चर्येचें, विहाराचें नव्हे, असें कोणी म्हणेल, तर त्यास कौटिल्याचें अर्थशास्त्र उघडून दाखवावें. त्याच्या दुसऱ्या अधिकरणांत राजानें दोन प्रकारचीं मृगवनें राखावींत असें सांगितलें आहे. पहिलें मृगवन खुद्द राजाच्या विहारासाठीं. त्यास एकच द्वार असावें, भोंवतीं खंदक असावा, आंत गोड फळांचीं झाडें असावींत, कांटेरी वृक्ष नसावेत, जलाशय उथळ असावेत, आणि आंत ठेवलेल्या हिंस्र पशूंचीं नखें व दाढा मोडलेल्या असाव्यात. दुसरें मृगवन राज्याच्या सीमेकडे, जमीन अनुकूल मिळेल त्याप्रमाणें करावें, आणि तेथें सर्व प्राणी अतिथि म्हणून राहावेत. पुढें दुसऱ्या एका अध्यायांत, अभय दिलेल्या वनांतील पशुपक्ष्यांस पकडणाऱ्यास अथवा मारणाऱ्यास उत्तम म्हणजे सर्वांत जबर दंड सांगितला असून गृहस्थांस तेवढें मध्यम दंडावर सोडलें आहे. वनांत गेलेला कुटुंबवत्सल मनुष्य कसा वागतो याची कौटिल्यास चांगली कल्पना असावी असें वाटतें.

हीं दोन्ही मृगवनें शेजारींशेजारीं पाहावयाचीं असतील तर मुंबईजवळच्या बोरिवलीच्या अरण्यांत जावें. याचें सरकारी नांव संजय गांधी राष्ट्रीय उद्यान. क्षेत्रफळ सुमारें १०४ चौरस किलोमीटर. एका अंगास बोरिवली, कांदिवली, मालाड व गोरेगांव, दुसऱ्या अंगास भांडुप, मुलुंड व ठाणें, अशा दाट वस्तीच्या मधोमध हें रान उभें आहे, आणि बोरिवलीच्या स्टेशनापासून त्याच्या द्वारापर्यंत पायीं जातां येतें. द्वारापासून कांहीं अंतरावर कुंपणांत ठेवलेले वाघसिंह जाळीच्या मोटारींतून दाखविण्यांत येतात. तें कौटिल्याचें पहिलें मृगवन म्हणावें. बहुतेक कुटुंबें तेवढें पाहून, हिरवळीवर डबे सोडून, सायंकाळीं घरीं परततात व रान पाहिलें असें समजतात. वस्तुतः रान तेथून पुढें सुरू होतें. त्या पुढच्या रानांतील बिबळ्यास कोणीं आणून ठेवलेलें नाहीं, त्याचीं नखें कोणीं मोडलेलीं नाहींत, आणि तो आपणांस दिसलाच पाहिजे असा करारही तिकिटावर छापलेला नसतो.

एवढ्या मोलाच्या जागेवर एवढें रान टिकलें कसें, हा प्रश्न मुलांनीं विचारावा असाच आहे. त्याचें उत्तर बव्हंशीं पाण्यांत आहे. गेल्याच्या मागील शतकाच्या मध्यापर्यंत मुंबई शहर विहिरी व तळीं यांवरच तहान भागवीत होतें. लोकवस्ती वाढली, पाणी पुरेना, तेव्हां साष्टी बेटांतील या डोंगरांमध्यें बांध घालून विहार तलाव करण्यांत आला. तो १८६० मध्यें पुरा झाला. त्यामागून १८७९ मध्यें तुळशी तलाव झाला. तलावांत उतरणारें पाणी निर्मळ राहावें म्हणून भोंवतालचे डोंगर राखणें प्राप्त झालें, आणि पाण्याच्या रक्षणाबरोबर झाडांचें रक्षण आपोआप झालें. आज मुंबईस मुख्यतः दूरच्या मोठ्या धरणांचें पाणी मिळतें. तरी विहार व तुळशी यांचें पाणी अद्याप शहराच्या नळांत येतें. दहिसरची नदी तुळशीकडून निघते, आणि मिठी नदी विहार व पवई येथील सांडव्याच्या पाण्यानें वाहूं लागते. २६ जुलै २००५ या दिवशीं सांताक्रूझच्या वेधशाळेंत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला व मिठीच्या कांठची वस्ती बुडाली, हें पुष्कळ वाचकांस आठवत असेल. नदीचा उगम जेथें होतो तें रान आणि नदी जेथें कोंडली गेली तें शहर, हीं दोन्ही एका दिवसांत मुलांस दाखवितां येतात. भूगोलाच्या पुस्तकांतील कित्येक पृष्ठांचें काम त्यानें होईल.

आतां जावें केव्हां, हें पाहूं. सर्वसाधारण समजूत अशी कीं रान पावसाळ्यांत पाहावें आणि इतर वेळीं तेथें कांहीं नसतें. आमच्या मतें एकच वाट सहाही ऋतूंत चालून पाहणें हीच खरी मौज आहे. कालिदासाच्या नांवावर असलेल्या ऋतुसंहारांत ऋतूंची गणना ग्रीष्मापासून आहे. आपणही तेथूनच आरंभ करूं.

ग्रीष्मांत पहांटे निघावें व ऊन तापण्यापूर्वीं परत फिरावें. ज्या काळांत रान रुक्ष असेल असें वाटतें, त्याच काळांत बहावा पिवळ्या घोसांनीं लवतो आणि ताम्हण जांभळ्या फुलांनीं भरून येतें. हें ताम्हणच आपलें राज्यपुष्प. करवंदें व जांभळें याच दिवसांतलीं. मात्र राष्ट्रीय उद्यानांत तीं तोडूं नयेत, कारण तो तेथील पक्ष्यांचा व लहान जनावरांचा शिधा आहे. पाणवठे आटत आल्यामुळें पशु उरलेल्या पाण्यावर येतात, व म्हणूनच राज्यांतील पुष्कळ अभयारण्यांत वैशाखी पौर्णिमेच्या रात्रीं मचाणावर बसून चांदण्यांत प्राण्यांची नोंद करण्याची वहिवाट पडली आहे. या ऋतूंत भय एका गोष्टीचें, तें वणव्याचें. खालीं वाळल्या पानांचा थर असतो. विडीचें एक थोटूक सबंध उतार जाळावयास पुरतें.

वर्षा ऋतूंत कान्हेरीचीं लेणीं पाहावींत. द्वारापासून तीं सुमारें सहा किलोमीटर, म्हणजे जुन्या हिशेबानें दोन कोस आंत आहेत. जुन्या शिलालेखांतून या डोंगरास कण्हगिरि व कण्हसेल म्हटलें आहे. मूळ संस्कृत रूप कृष्णगिरि, म्हणजे काळा पहाड, आणि काळा कातळ पाहिला कीं नांव पटतें. येथें शंभराहून अधिक लेणीं आहेत. इसवी सनापूर्वींच्या पहिल्या शतकाच्या सुमारापासून हजार वर्षेंपर्यंत बौद्ध भिक्षूंची वस्ती येथें होती, व कल्याण, सोपारा, चौल येथील व्यापाऱ्यांनीं तिला दानें दिलीं. पावसाळ्यांत भिक्षूंनीं भ्रमंती थांबवून एके जागीं राहावें असा नियम होता. तेव्हां ज्या महिन्यांत आपण तेथें हिंडावयास जातों, त्याच महिन्यांत ते तेथें स्थिर बसत असत. खडकावर पडणारें पाणी पन्हळींवाटे टाक्यांत उतरविण्याची त्यांची योजना घरांतील प्रत्येक स्त्रीनें पाहावी अशी आहे. या टाक्यांस लेखांत ‘पोढी’ असा शब्द आहे. साल अखेरपर्यंत पाणी पुरवावें कसें, हा प्रश्न त्यांनीं छिन्नीनें सोडविला. नव्वदाव्या लेण्यांत इ. स. १००९ व १०२१ या वर्षांचे पहलवी लिपींतील लेख असून त्यांत तेथें येऊन गेलेल्या पारशी मंडळींचीं नांवें आहेत. हजार वर्षांपूर्वींचा लेख हा इतिहास झाला. परंतु तेवढ्यावरून स्फूर्ति घेऊन आपल्या चिरंजीवानें खिळ्यानें आपलें नांव त्याशेजारीं कोरावें हें योग्य नव्हे. पावसाळ्यांत आणखी एक पथ्य सांभाळावें. ओढ्यांत व तलावांत कोणीही उतरूं नये. वरच्या अंगास कोसळलेला पाऊस खालीं उभ्या असलेल्या माणसास दिसत नाहीं; पाणी चढतांना मात्र दिसतें, आणि तेव्हां उशीर झालेला असतो.

वर्षा सरतां सरतां व शरदाच्या तोंडीं कारवीची पाळी येते. सह्याद्रींतील ही वनस्पति सात-आठ वर्षें नुसती हिरवी राहते, आणि मग एका वर्षीं डोंगराचा उतारच्या उतार एकदम जांभळा करून सोडते. फुलून बीं धरलें कीं तीं झुडुपें वाळून जातात व नवी पिढी उगवते. बोरिवलीच्या रानांत हा बहर २००८, २०१६ व २०२४ या वर्षीं आला. पुढचा २०३२ च्या सुमारास यावा. कोंकणांत ज्यांचीं जुनीं घरें होतीं त्यांस कारवीची ओळख निराळी. तिच्या काठ्यांच्या कुडावर मातीचा गिलावा करून भिंती उभारीत. ज्या काठीच्या भिंतींत आपली आजी नांदली तिचें फूल कसें असतें, हें नातींना दाखविण्याची संधि आठ वर्षांतून एकदांच मिळते, म्हणून ती चुकवूं नये. शरदांत फुलपांखरें विपुल असतात. निळ्याकाळ्या पंखांचें नीलवंत दिसल्यास हें आपलें राज्य-फुलपांखरूं, असें मुलांस सांगावें. वाटेवर आडवीं पसरलेलीं कोळ्यांचीं मोठालीं जाळींही याच दिवसांत दिसतात.

हेमंतांत पक्षी पाहावेत. थंडी सुरू झाली म्हणजे बाहेरून पाहुणे पक्षी येऊं लागतात. लांब पांढऱ्या शेपटीचा स्वर्गीय नर्तक झाडींतून फितीसारखा सरकतांना दिसला तर त्या दिवशींचें तिकीट वसूल झालें असें समजावें. या रानांत सुमारें अडीचशें जातींच्या पक्ष्यांची नोंद आहे. घरांतील प्रत्येकानें दर खेपेस दोन पक्षी ओळखावयास शिकले तरी वर्षअखेरीस सर्वांच्या मिळून ज्ञानांत चांगली भर पडेल. शिशिरांत पानें गळून रान विरळ होतें व दृष्टि दूरवर पोंचते. पांढऱ्या खोडाचा कांडोळ, ज्यास लोक भुत्या म्हणतात, तो याच दिवसांत उघडा पडतो. मुलांस तो फार आवडतो. वसंत लागला कीं कांटेसावर, पळस व पांगारा हे निष्पर्ण झाडांवर लाल फुलें घेऊन उभे राहतात, आणि कुसुमाची नवी पालवी इतकी तांबडी असते कीं लांबून तिलाच फुलें समजावें. असें वर्ष पुरें होतें.

येथवर विहाराविषयीं झालें. आतां ज्या गोष्टीसाठीं मुख्यतः लेखणी हातीं घेतली ती सांगतों. रानांतील माकडांस खावयास घालणें हें पुष्कळ घरांत पुण्यकर्म मानितात. शनिवारीं चणे, केळीं, क्वचित् घरचे लाडूसुद्धां पिशवींतून नेतात. आजी नातवाच्या हातून तें माकडापुढें ठेवविते. हेतु शुद्ध, यांत शंका नाहीं. परंतु परिणाम काय होतो तो पाहावा. माकड झाडावरचा पाला व फळें सोडून रस्त्यावर बसूं लागतें; देणाऱ्याचा हात रिकामा दिसतांच चावतें; आणि त्या चाव्यानें लहान मुलास दवाखान्यांत न्यावें लागतें. शिवाय रानांतील फळें खाऊन त्यांचीं बीजें दूरवर टाकण्याचें जें काम तें करीत असे तें बंद पडतें. म्हणजे दोन केळ्यांच्या पुण्यापायीं आपण माकडास भिकारी करितों आणि रानाचा माळी काढून घेतों. भूतदया म्हणजे जनावरास आपल्या पंक्तीस बसविणें नव्हे; त्याचें ताट त्याजपुढें राहूं देणें ही भूतदया.

हाच नियम उष्ट्याखरकट्यास लागूं आहे, व तेथें गोष्ट माणसाच्या जिवाशीं येते. टाकलेल्या अन्नावर भटकीं कुत्रीं पोसतात, आणि कुत्र्यांच्या मागें बिबळ्या येतो. २०१५ च्या गणनेंत या रानांत व त्याच्या कडेस ३५ बिबळे छायाचित्रांवरून ओळखले गेले, आणि त्यांच्या आहारांत कुत्र्यांचा वाटा लहान नाहीं असें अभ्यासकांस आढळलें. २००४ च्या सुमारास रानालगतच्या वस्तींत बिबळ्यांनीं माणसें मारिलीं, तेव्हां सर्वांस एकच उपाय सुचे, तो म्हणजे पिंजरा लावून जनावर धरावें व दूर नेऊन सोडावें. परंतु जुन्नर भागांत विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनीं जो अभ्यास केला त्यांत असें दिसून आलें कीं, अशीं धरून सोडलेलीं जनावरें जेथें सोडलीं तेथें माणसांवरील हल्ले उलट वाढले. परक्या ठिकाणीं टाकलेलें जनावर गोंधळतें, हें माणसावरूनही समजण्याजोगें आहे. खरा उपाय साधा व रोजचा आहे. कचरा उघड्यावर न टाकणें, तिन्हीसांजेनंतर मुलांस एकटें न सोडणें, व बिबळ्या दिसल्यास त्याच्याभोंवतीं गर्दी न करणें, हा तो उपाय होय. त्यांत कोणत्याही पिंजऱ्याचें काम नाहीं; काम आहे तें प्रत्येक घराच्या शिस्तीचें.

या रानांत माणसेंही पिढ्यान्‌पिढ्या राहत आलीं आहेत, हें विसरतां कामा नये. १९९७ मध्यें उच्च न्यायालयानें रानांतील अतिक्रमणें हटविण्याचा आदेश दिला. परंतु मागाहून येऊन बसलेल्यांची गोष्ट वेगळी, आणि कुंपणाच्या आधींपासून तेथें असलेल्या वारली व इतर आदिवासी पाड्यांची वेगळी. वारली लोक वाघोबास देव मानितात. आश्विन वद्य द्वादशीस आपल्या घरीं वसुबारस होते, सवत्स धेनूची पूजा होते. त्याच दिवशीं सह्याद्रींतील कित्येक आदिवासी गांवांत वाघबारस पाळितात, व आमच्या गुराढोरांस सांभाळ असें वाघास विनवितात. एकाच तिथीस आपण गाईस नमस्कार करितों आणि ते वाघास. दोन्ही पूजांमागील काळजी एकच आहे, हें घरांतील स्त्रियांस आम्हीं सांगावयास नको.

म्हणून वनांत जातांना आपण अतिथि आहों, एवढें एकच सूत्र ध्यानांत ठेवावें. ज्याचें राहणें अनित्य तो अतिथि, अशी या शब्दाची उपपत्ति स्मृतिकारांनीं दिली आहे. कौटिल्यानें दुसऱ्या मृगवनांतील पशूंस अतिथि म्हटलें. आज त्या रानांत पशु व पाडे हे यजमान झाले आहेत, आणि अतिथि आपण. अतिथीनें यजमानाच्या घरीं मोठ्यानें गाणीं लावूं नयेत, भांडीं उचकूं नयेत, फुलें तोडूं नयेत, आणि उष्टें टाकून उठूं नये, हें कोणासही सांगावें लागत नाहीं. दशम्या व चटणी फडक्यांत बांधून न्यावी, पाणी घरच्या तांब्यांतून अथवा बाटलींतून न्यावें, आणि जें नेलें त्याचा कागददेखील परत आणावा. भडक कपडे घालूं नयेत, पायांत मजबूत वहाणा किंवा बूट असावेत, मळलेली वाट सोडूं नये, वनरक्षकाचें ऐकावें. सोमवारीं हें उद्यान बंद असतें, तेव्हां वार पाहून निघावें. घरांतील वृद्धांस दोन कोस चालवणार नाहीं. त्यांच्यासाठीं द्वाराजवळच्या सावलींत बसण्याची योजना करावी, पण त्यांस घरीं ठेवूं नये. झाडांचीं जुनीं नांवें व त्यांचे घरगुती उपयोग बहुधा त्यांनाच ठाऊक असतात, आणि तीं नांवें मुलांच्या कानांवर पडण्यास याहून चांगली जागा नाहीं.

जे वाचक मुंबईपासून दूर आहेत त्यांनीं हिरमुसूं नये. पुणेंकरांस भीमाशंकर आहे. तेथें ज्योतिर्लिंगाचें दर्शन आणि शेकरूचें दर्शन एका यात्रेंत घडतें, व आजोबा आणि नातू दोघेही संतुष्ट होतात. कोल्हापूरकरांस राधानगरी-दाजीपूरचें गव्यांचें रान आहे, रायगडकरांस कर्नाळा व फणसाड, वऱ्हाडांतील मंडळींस मेळघाट, आणि नागपूर-चांद्याकडे ताडोबा, जें १९५५ पासून राष्ट्रीय उद्यान असून राज्यांतील सर्वांत जुनें होय. आणि ज्यांच्या गांवाजवळ यांपैकीं कांहींच नाहीं, त्यांच्या गांवीं निदान एखादी देवराई तरी असेल. देवाच्या नांवानें सोडलेल्या त्या रानांतून सरपणासाठीं काटकीही उचलावयाची नाहीं, हा नियम आपल्या पणज्यांनीं कोणत्याही कायद्यावांचून पाळला. १८७८ व १९२७ चे जंगलाचे कायदे आणि १९७२ चा वन्यजीवांचा कायदा हे मागाहून आले. सरकारी रान ही सबंध लोकांची देवराई आहे असें समजून त्यांत पाऊल टाकलें, तर कायद्याचें पुस्तक उघडण्याची पाळी क्वचितच येईल.

शेवटीं एक सूचना. घरांतील एखाद्या मुलाकडे किंवा मुलीकडे एक वही सोंपवावी. दर ऋतूंत एकदां त्याच वाटेनें जावें, आणि तिथि, तारीख, फुललेलें झाड, दिसलेला पक्षी, ओढ्याचें पाणी इतकें तींत टिपून ठेवावें. खर्च एका वहीचा व सहा दिवसांच्या तिकिटांचा. २०३२ सालीं कारवी फुलेल तेव्हां आज अक्षरें गिरविणारीं मुलें घरांतील धाकट्यांस वाट दाखविण्याइतकीं मोठीं झालेलीं असतील, आणि वहीचीं पानें बरींच भरलेलीं असतील.